१४. नॉ लिंग
शब्दशः 'आमची भाषा' (पोर्तुगीज 'नोसा लिंग्वा'). रायगड जिल्ह्यातील कोर्लई (ता. मुरूड) येथील ख्रिस्ती समाजाची घरची बोली. लॅटिनपासून निघालेली पोर्तुगीज आणि इथली मराठी यांच्या संपर्कातून ती १६व्या शतकात चौलच्या वसाहतीत घडली. १७४० साली चौल मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले. बोली मात्र कोर्लईत टिकली. ज्या मजकुरावर ही टीप आहे त्याचे लेखक ताडकळसचे (जि. परभणी), त्यांच्या कानाला ती परकी वाटणे साहजिकच, पण शब्द पोर्तुगीज असले तरी क्रियापद मराठीसारखेच वाक्याच्या शेवटी येते. त्या मजकुरात पुढे तिला 'मोडकी पोर्तुगीज' म्हटले आहे, ते बरोबर नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे. बोलणारे आज हजाराच्या आसपास आहेत.