बॅटरी, मोटारीची (कंपनीने बसवलेली)

नव्या मोटारीत कारखान्यातूनच बसवून येणारी १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी. मुंबईच्या गॅरेजांत हिला ‘कंपनीची’ म्हणतात. मालकाने पुढे दुकानातून घेतलेली ती ‘बाहेरची’. दोन्ही एकाच उत्पादकाच्या व एकाच मापाच्या असल्या तरी वॉरंटी सहसा निराळी असते, आणि मालकांच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथे आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबाग व परळ या भागातील वापराला धरून आहे.

पूर्वपीठिका : शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. मुंबईत खासगी मोटार आणि टॅक्सी म्हणजे दीर्घकाळ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातील फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. तिच्या बॅटरीला सहा झाकणे असत. महिन्यातून एकदा ती उघडून डिस्टिल्ड पाणी घालणे, टर्मिनलवर जमलेली पांढरट-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावणे, ही कामे मालक स्वतः करी. बॅटरी बसलीच तर चार माणसे गोळा करून गाडी ढकलायची आणि दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा. ताडदेव परिवहन कार्यालयात काळी-पिवळी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. आजची स्वयंचलित गिअरची गाडी ढकलून सुरू होत नाही.

उत्पादन : एक्साइडचा चिंचवडचा कारखाना १९६९ चा. स्टँडर्ड बॅटरीजचे कांजूरमार्ग व तळोजा येथील कारखाने १९९८ मध्ये एक्साइडकडे आले. तिरुपतीच्या अमरा राजाने २००० मध्ये अमरॉन बाजारात आणली. पाणी न घालावी लागणारी बॅटरी पुढे सर्रास झाली.

वापरातील अनुभव : या भागातील चाळी व वसाहती मोटारींचा विचार न करता बांधलेल्या आहेत, गाडी रस्त्याकडेला उघड्यावर उभी राहते. कामावर जायला हार्बर लोकल असते, त्यामुळे गाडी निघते ती रविवारी, लग्नकार्याला किंवा गणपतीत कोकणात जाताना. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटचे कुलूप व संगणक थोडी वीज घेतच राहतात. हा प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे पंचवीस दिवसांत निम्म्यावर येते. ती बराच काळ अर्धवट उतरलेली राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात आणि नंतर कितीही चार्ज केले तरी मूळ ताकद परत येत नाही. पंधरा मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवण्याचा उपाय घरोघरी चालतो, पण त्याने फारसे साधत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर हाच प्रकार एकाच वेळी असंख्य गाड्यांत दिसला.

काही बंद बॅटऱ्यांच्या झाकणावर रंग बदलणारा गोल ‘डोळा’ असतो. तो हिरवा दिसतो म्हणून बॅटरी चांगली, असे मालक धरून चालतात. मात्र हा डोळा सहापैकी एकाच घरातील आम्लाची घनता दाखवतो. उरलेल्या पाचांपैकी एखादे घर गेले तरी तो हिरवाच राहतो आणि सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते. गॅरेजमध्ये व्होल्टमीटर लावला की विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ च्या खाली चार्जिंगची गरज, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट म्हणजे अल्टरनेटर ठीक, असा हिशेब असतो. ही तपासणी न करता बॅटरी बदलली, तर दोष अल्टरनेटरचा असल्यास नवी बॅटरीही बसते.

वॉरंटी व वाद : बहुतेक गाड्यांच्या वॉरंटी पुस्तिकेत टायर आणि बॅटरी वेगळ्या काढलेल्या असतात; त्यांची जबाबदारी त्या-त्या उत्पादकाची. साहजिकच मालकाची फेरी शोरूमपासून बॅटरीच्या डीलरपर्यंत होते. बाहेरच्या बॅटरीला ‘३०+३०’ असा करार मिळू शकतो : पहिले तीस महिने मोफत बदल, पुढच्या तीस महिन्यांत घटत्या प्रमाणात सूट. कंपनीच्या बॅटरीची मुदत बहुधा याहून कमी असते. बदलून मिळालेल्या बॅटरीला सामान्यतः मूळ मुदतीतले उरलेले महिनेच लागू होतात.

खरी खडाजंगी होते ती ‘उतरलेली’ आणि ‘खराब’ या फरकावरून. वॉरंटी उत्पादनदोषासाठी असते, डिस्चार्जसाठी नसते. डीलर बॅटरी ठेवून घेतो, चार्ज करतो आणि भारचाचणी करतो. प्रचलित निकषानुसार थंड-प्रारंभ क्षमतेच्या, म्हणजे थंडीत इंजिन सुरू करताना बॅटरी देऊ शकते त्या प्रवाहाच्या, निम्मा भार पंधरा सेकंद दिल्यावर व्होल्ट ९.६ च्या खाली गेले नाहीत तर बॅटरी उत्तीर्ण, आणि दावा फेटाळला जातो. तीच बॅटरी आठवड्याने पुन्हा बसली तर दोष गाडीच्या वायरिंगचा की बॅटरीचा, यावर दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहतात.

या संकलकाच्या मते गाडी ताब्यात घेताना बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना पाहणे हेच सर्वांत महत्त्वाचे. डीलरच्या यार्डात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी नवी कोरी असूनही झिजलेली असू शकते. रंग आणि सीटकव्हर तपासणारे बरेच; बॉनेट उघडून हा महिना वाचणारे थोडे.

दाद : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. मध्य मुंबईचा जिल्हा ग्राहक आयोग परळला आहे. चार्जिंगसाठी बॅटरी ठेवल्याची पावती व चाचणीची चिठ्ठी जपून ठेवणे उपयोगी ठरते.

जुनी बॅटरी : २००१ च्या नियमांपासून विक्रेत्याने ती परत घेणे बंधनकारक; २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर अधिक स्पष्ट केली. शिशामुळे तिला मोल येते व नव्या बॅटरीच्या किमतीतून ते वजा होते.

विजेवरील मोटारी : यांतही दिवे, कुलपे व संगणकासाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, ती बसली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.