पंचांचा कौल आणि करंडक

फुटबॉलमध्ये खेळातील घटनांविषयी पंचांचा निर्णय अंतिम असतो. वादग्रस्त कौलाने सामना फिरतो. विजेतेपद मात्र ठरतेच असे नाही. ३ मार्च २०२३ रोजी इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत केरळ ब्लास्टर्सचा बचाव सज्ज होण्यापूर्वीच बंगळुरूच्या सुनील छेत्रीने फ्री किकवर केलेला गोल पंचांनी ग्राह्य धरला. निषेधार्थ मैदान सोडणाऱ्या केरळला ४ कोटी रुपयांचा दंड झाला. बंगळुरूने पुढे उपांत्य फेरीत मुंबई सिटीला हरविले. परंतु १८ मार्चला गोव्यात फातोर्डा येथे २-२ अशा बरोबरीनंतर एटीके मोहन बागानने टायब्रेकरमध्ये ४-३ असा करंडक जिंकला. त्या चारपैकी तीन गोल पेनल्टीवरचे होते. आधी कौलाने तरलेल्या बंगळुरूच्याच मालकांनी त्यानंतर व्हिडिओ पंचांची मागणी केली.