झार मारला गेला, निजाम राजप्रमुख झाला



पत्रिकेत विषय छापलाय, 'रशियाच्या राजघराण्याचा अंत'. सकाळी एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, झारचं आणि आपल्या बीडचं काय देणं-घेणं?" मी म्हणालो, बाबा रे, आपणही एका झाराचीच प्रजा होतो. फरक इतकाच, की आपला झार वाचला. तो का वाचला, आणि त्याच्याऐवजी कोण मेलं, हाच आज माझा विषय आहे.

आधी रशियाचं थोडक्यात. रोमानोव्ह घराणं 1613 साली गादीवर आलं. 1913 साली त्यांनी त्रिशताब्दी थाटात साजरी केली आणि चारच वर्षांनी, मार्च 1917 मध्ये, दुसऱ्या निकोलसला गादी सोडावी लागली. 1918 च्या जुलैत, 16 आणि 17 तारखेच्या मधल्या रात्री, एकातेरिनबुर्गच्या एका घराच्या तळघरात त्याला, राणीला, चार मुलींना आणि आजारी मुलाला गोळ्या घातल्या. सोबत एक डॉक्टर, एक दासी, एक स्वयंपाकी आणि एक सेवक, हेही मेले. त्या चौघांचं काय चुकलं होतं? हा प्रश्न लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे येणार आहे.

आता आपल्याकडे या. साखरखेर्ड्याच्या 1724 च्या लढाईनंतर पहिला निजाम दख्खनमध्ये स्थिरावला. 1763 साली आपल्याच जिल्ह्यात, गोदाकाठी राक्षसभुवनला, थोरल्या माधवरावांनी निजामाचा पुरता पराभव केला. दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला. 1795 ला खर्ड्यात पुन्हा हार. तरीही गादी टिकली. कशी? 1798 साली निजामानं इंग्रजांची तैनाती फौज घेतली म्हणून. मोमिनाबादची, म्हणजे आपल्या अंबाजोगाईची छावणी ही त्याच व्यवस्थेची पुढची खूण.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे एक गोष्ट दिसते. जी सत्ता स्वतःच्या पायांवर उभी नसते, तिला आपण उभे आहोत असा भ्रम मात्र असतो. झारचा टेकू होता सैन्य. पेट्रोग्राडची पलटण उलटली आणि काही दिवसांत सगळं संपलं. निजामाचा टेकू होता इंग्रज. तो 15 ऑगस्ट 1947 ला निघून गेला.

सातवा निजाम मीर उस्मान अली खान 1911 साली गादीवर आला. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून 1937 साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. जेकब हिरा त्याच्याकडे कागदावर वजन म्हणून पडलेला असे. राज्याचा सुमारे एक दशांश मुलूख त्याची खासगी मिळकत, सर्फ-ए-खास. पण नुसता कंजूष म्हणून त्याला हसणं अन्याय होईल, बरं का. 1918 साली उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ त्यानंच काढलं. मात्र त्याच राज्यात मराठी शाळा चालवायची म्हणजे संशय ओढवून घेणं. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत काम करणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिलढ्याचे नेते झाले, ते उगीच नाही.

दोघांचा दोष एकच: वेळेवर ऐकलं नाही. निकोलसनं 1905 साली ड्यूमा दिली आणि मग तिचे अधिकार कापत गेला. निजामानं जून 1947 मध्ये स्वतंत्र राहण्याचं फर्मान काढलं. ऑक्टोबरात जैसे-थे कराराचा मसुदा तयार होता, त्याच्या मंडळानं बहुमतानं मान्यही केला होता. सही उद्यावर गेली. तेवढ्यात कासीम रझवीच्या रझाकारांनी शिष्टमंडळाची घरं वेढली आणि निजाम फिरला. अखेर 29 नोव्हेंबरला जवळजवळ त्याच करारावर सही केली! मधल्या महिन्यात मिळवलं काय? रझवीचा माज वाढला, एवढंच.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 13 सप्टेंबर 1948 ला फौजा शिरल्या, 17 ला शरणागती. माझी आई सांगायची, रझाकारांच्या धास्तीनं गावं रात्रीतून नगरच्या हद्दीत पळायची. दाणे जात्यात तसेच राहायचे. हे आपण दरवर्षी सांगतो, सांगायलाच हवं. पण त्यानंतरचं सांगत नाही. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात कित्येक गावांत निरपराध मुसलमान मारले गेले. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं संस्थानातल्या बळींचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही.

आणि निजाम? फेब्रुवारी 1949 मध्ये त्यानं विमानतळावर सरदार पटेलांना हात जोडले. 1950 ते 1956 तो राजप्रमुख होता. 1967 साली आपल्या शहरात अंथरुणावर वारला. त्याचा वारस, नातू मुकर्रम जाह, ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळत राहिला आणि 2023 साली इस्तंबूलमध्ये गेला.

निजामाला मारायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. सूड घेतला नाही, हे आपलं शहाणपणच. पण ते शहाणपण महालापुरतं राहिलं, गावकुसापर्यंत पोचलं नाही. रशियात राजासोबत स्वयंपाकी मेला. आपल्याकडे राजा वाचला आणि त्याच्या नावानं शेतकरी, विणकर, फकीर मेले. त्याआधी त्याच्याच नावानं गावं लुटली गेली. दोन्हीकडे किंमत त्यांनीच मोजली, ज्यांना सही करायला कोणी बोलावलंच नव्हतं.

म्हणून येत्या 17 सप्टेंबरला झेंड्याला वंदन केल्यावर, आपल्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसा, हिंदू असो की मुसलमान. "तुमच्या घरी तेव्हा काय झालं?" एवढं विचारा आणि मध्ये बोलू नका.