गळासाठी मऊ प्लास्टिकचं गांडूळ घरी कसं बनवतात? आणि त्यात धोका नेमका कुठे आहे?

एका कपात दुधासारखं पांढरं द्रव, मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं, मग साच्यात धार आणि बाहेर येतं लवलवणारं रंगीत गांडूळ. मासे पकडण्याची नकली आमिषं घरी बनवायचे असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. काम खरंच होण्यासारखं आहे. पण रीलमध्ये वास येत नाही आणि धूरही लागत नाही. म्हणून सुरुवात करण्याआधी हे समजून घ्या.

हे आलं कुठून?

गोष्ट स्वयंपाकघरातलीच आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास घरच्या शेगडीवर मऊ प्लास्टिकचं गांडूळ बनवलं. पुढे त्याची कंपनी झाली आणि जगभर अशी आमिषं विकली जाऊ लागली.

नागपुरात याचा उपयोग कोणत्या माशासाठी?

रोहू, कतला आणि मृगळ नकली आमिषाच्या मागे सहसा लागत नाहीत. त्यांच्यासाठी कणकेचा गोळाच बरा. नकली आमिषावर झडप घालतो तो शिकारी मासा, म्हणजे आपल्याकडचा मरळ. तो हवेतला श्वास घ्यायला पाण्यावर येतो, शेवाळात आणि गवतात दबा धरून बसतो आणि बेडकावर तुटून पडतो. म्हणून विदर्भातल्या तलावांवर गांडुळापेक्षा बेडकाचा आणि छोट्या माशाचा आकार जास्त कामाचा.

साहित्य काय लागतं?

मुख्य वस्तू म्हणजे प्लास्टिसोल. पीव्हीसीची बारीक भुकटी एका तेलकट द्रवात मिसळलेली असते. हे द्रव प्लास्टिकला मऊपणा देतं. थंड असताना मिश्रण पातळ असतं. साधारण १७० ते १७५ अंश सेल्सिअसला भुकटी हे द्रव शोषून घेते आणि थंड झाल्यावर रबरासारखा पदार्थ मिळतो.

घरातली बाटली, पाइपाचा तुकडा किंवा जुनी चप्पल वितळवून हे होत नाही. ती प्लास्टिकं वेगळी असतात आणि त्यांचा धूर घातक असतो. फाटलेली जुनी आमिषं मात्र पुन्हा वितळवता येतात, फक्त ती याच पदार्थाची हवीत.

साचा कसा करायचा?

नमुन्याचं आमिष छोट्या डब्याच्या तळाला सपाट बाजूने चिकटवा. त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा आणि वरून पीओपी ओता. घट्ट झाल्यावर नमुना काढा.

खरी घाई इथेच होते. साचा हाताला कोरडा लागला तरी आत ओल असते. त्यावर १७० अंशांचं प्लास्टिक पडलं की पाण्याची वाफ होते आणि गरम थेंब अंगावर उडतात. म्हणून साचा काही दिवस उन्हात पूर्ण वाळवा. नंतर फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून दोन-तीन हात द्या आणि प्रत्येक हात वाळू द्या.

ओतायचं कसं?

१. बाटली चांगली हलवा, कारण भुकटी तळाशी बसते.
२. उष्णता सहन करणाऱ्या काचेच्या कपात थोडंसंच द्रव घ्या.
३. थोडा थोडा वेळ तापवा आणि मध्ये सावकाश ढवळा. द्रव आधी घट्ट होतं, मग पारदर्शक होऊन पाकासारखं वाहतं.
४. प्लास्टिसोलसाठीचा रंग आणि चमकी घाला.
५. साच्याच्या एका टोकापासून बारीक धारेनं ओता.
६. थंड झाल्यावर काढा आणि सरळ ठेवा. वाकडं ठेवलं तर ते तसंच राहतं.

तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. अंदाजावर जाऊ नका.

धोका कुठे आहे?

प्लास्टिक पिवळं पडू लागलं की ते जास्त तापलं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. डोळे, नाक आणि फुफ्फुसातल्या ओलाव्याशी त्याचं आम्ल बनतं. साधा कापडी मास्क तो अडवत नाही. त्यासाठी वायू शोषणारं काडतूस असलेला मास्क लागतो. काम गच्चीवर किंवा अंगणात करा. पूर्ण बाह्या, बूट, जाड हातमोजे आणि चष्मा हवाच.

या कामाचा मायक्रोवेव्ह, कप आणि चमचा पुन्हा जेवणासाठी वापरू नका. मऊपणासाठी वापरली जाणारी थॅलेट गटातली काही रसायनं शरीरातल्या संप्रेरकांवर परिणाम करतात, त्यामुळे थॅलेट नसलेलं प्लास्टिसोल घ्या. लहान मुलांना हे खेळायला देऊ नका. गरम प्लास्टिक अंगावर पडलं तर ते ओढून काढू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा आणि डॉक्टरकडे जा.

तलावाचं काय?

गळातून सुटलेलं आमिष कुजत नाही. ते तळाशी पडून राहतं आणि एखादा मासा ते गिळतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१३ मध्ये अशा आमिषांवर बंदीचं विधेयकही आलं होतं. म्हणून फाटलेलं आमिष खिशात घालून परत आणा. पुढच्या वेळी तेच वितळवता येतं.

जिलेटीन आणि ग्लिसरीनची आमिषं कमी तापमानात बनतात आणि कुजतातही. पण ती पाण्यात फुगतात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात मऊ पडतात.

शेवटी दोन गोष्टी. आपल्याकडचे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्यानं घेतलेले असतात, आणि धिवर कुटुंबांचं पोट त्यावर चालतं. आधी विचारा, मग गळ टाका. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोह जलाशयात तर मासेमारीला बंदीच आहे.

दुसरं, पावसाळ्यात मरळ आपल्या पिल्लांच्या थव्याभोवती पहारा देतो. त्या वेळी तो आमिषावर हमखास येतो, कारण तो पिल्लं वाचवत असतो. तो पकडला गेला की थवा उघडा पडतो आणि इतर मासे पिल्लं खाऊन टाकतात. पाण्यावर पिल्लांचा थवा दिसला, तर गळ दुसरीकडे टाका.