ध्वनिमुद्रिकेत न सापडणारा गुरू

अमेरिकेतील ‘ब्लूग्रास’ संगीताचा जनक कोण, या प्रश्नाला एकच उत्तर दिले जाते: बिल मन्रो. हे उत्तर चुकीचे नाही. पण मला ते अपुरे वाटते.

मन्रोचा जन्म १३ सप्टेंबर १९११ रोजी केंटकी राज्यातील रोझीन येथे झाला. आठ भावंडांतले हे शेंडेफळ. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतलेले, म्हणून याच्या वाट्याला मँडोलिन आले. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. पुढे तो पेन व्हँडिव्हर या मामाकडे राहिला. मामा आसपासच्या नाचांत फिडल वाजवी आणि भाचा साथ करी. हे ऋण मन्रोने ‘अंकल पेन’ या गाण्यातून जाहीरपणे मान्य केले.

दुसरे ऋण आर्नोल्ड शुल्ट्झचे. हा कृष्णवर्णीय वादक १८८६ साली जन्मला. कोळशाच्या खाणीत राबणारा हा माणूस गिटार आणि फिडल दोन्ही वाजवी. किशोरवयीन मन्रोने त्याच्या फिडलला गिटारची साथ केली होती. आपल्या वादनातला ‘ब्लूज’चा रंग त्याच्याकडून आला, हे मन्रो मोकळेपणाने सांगे. शुल्ट्झची अंगठ्याने खर्ज सांभाळत बोटांनी धून वाजवण्याची पद्धत केनेडी जोन्स आणि मोझ रेगर यांच्यामार्फत मर्ल ट्रॅव्हिसपर्यंत पोचली.

१९३९ मध्ये मन्रो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजवायचा बँजो घेऊन आला आणि ‘ब्लू ग्रास बॉइज’ या ताफ्याचा बाज ठरला. पुढे ताफ्याचेच नाव संगीतप्रकाराला मिळाले. त्यातल्या बँजोचे मूळही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे.

शुल्ट्झ १९३१ सालीच वारला. त्याचे एकही ध्वनिमुद्रण नाही. त्या काळी कंपन्या कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस’ आणि गोऱ्या ग्रामीणांसाठी ‘हिलबिली’ अशा वेगळ्या याद्या काढत. नाचाच्या रात्री शेजारी बसून वाजवणारे दोन वादक विक्रीच्या यादीत मात्र एकत्र येणे कठीण होते. पुढे इतिहास लिहिताना याच याद्या पुरावा ठरल्या, आणि ज्याची तबकडी नाही तो गळाला.

१९७० मध्ये मन्रोचा ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला, १९९६ मध्ये तो गेला. शुल्ट्झचा गिटार कसा वाजत असे, ते आपल्याला कधीच ऐकता येणार नाही. त्याचे नाव राहिले ते मन्रोसारख्यांनी ते घेतले म्हणून. त्यामुळे कोणत्याही संगीताचा इतिहास तपासताना तबकड्यांच्या यादीइतकाच कलावंतांनी तोंडाने सांगितलेल्या ऋणांनाही मी पुरावा मानतो.