समुद्रावरचें घड्याळ

घरांतलें घड्याळ २ मिनिटें मागें पडलें, तर फार तर एखादी आगगाडी चुकते. भर समुद्रांत वाट दाखविणारें घड्याळ तेवढेंच चुकलें, तर विषुववृत्ताजवळ जहाजाचा ठिकाणा ३० सागरी मैलांनीं चुकतो. आणि खडकावर आपटण्यास अर्धा मैलही पुरतो.

याचें कारण सोपें आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे १ अंशास ४ मिनिटें लागतात. निघाल्या बंदराची वेळ दाखविणारें घड्याळ जवळ असलें व सूर्यावरून जहाजावरची वेळ काढतां आली, कीं दोहोंतील फरकावरून रेखांश कळतो. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून पूर्वींपासून काढतां येत असे. रेखांशाचें काम मात्र अंदाजावर चाले. १७०७ सालीं इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सिली बेटांच्या खडकांवर इंग्रज आरमाराचीं ४ जहाजें फुटलीं आणि हजारावर खलाशी बुडाले. पुढें १७१४ सालीं पार्लमेंटनें, अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश सांगणारी रीत शोधून काढणाऱ्यास २०,००० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. त्या वेळीं न्यूटननें बजावलें होतें कीं, जहाजाचे हेलकावे, उष्णता व थंडी, ओलावा व कोरडेपणा यांना दाद न देणारें घड्याळ अद्याप झालेलें नाहीं.

न्यूटनची शंका समजण्यास घड्याळाच्या पोटांत डोकवावें लागतें. किल्ली दिली म्हणजे मुख्य कमान आवळली जाते. ती उलगडूं लागली कीं दंतचक्रांची रांग फिरूं लागते. त्या रांगेस मोकळें सोडलें, तर सारी शक्ति क्षणांत संपून जाईल. म्हणून शेवटच्या चक्रापुढें एक अटकाव असतो. तो एका वेळीं एकच दांता सोडतो, आणि तोच आवाज म्हणजे घड्याळाची टिकटिक. दांता केव्हां सुटावयाचा, हें मागेंपुढें झुलणारें बॅलन्स व्हील ठरवितें. त्यास परत खेंचणाऱ्या केसासारख्या बारीक कमानीची योजना १६७५ मध्यें डच शास्त्रज्ञ हायगेन्स यानें प्रसिद्ध केली. भिंतीवरच्या घड्याळांत हेंच काम लंबक करतो. परंतु डुलत्या जहाजावर लंबक निरुपयोगी. बारीक कमानीचाही एक दोष आहे: उकाड्यांत तिचा जोर घटतो आणि घड्याळ मागें पडतें.

हा पेंच सोडविला जॉन हॅरिसन यानें. यॉर्कशायरमध्यें १६९३ सालीं एका सुताराच्या घरीं तो जन्मला, आणि स्वत:ही सुतारच झाला. १७३५ मध्यें त्यानें पहिलें सागरी यंत्र पुरें केलें. त्याचें वजन सुमारें ७५ रत्तल होतें. दुसऱ्या वर्षीं लिस्बनच्या सफरींत त्यानें चांगलें काम दिलें. तरीही हॅरिसनचें समाधान झालें नाहीं. त्यानें दुसरें यंत्र केलें; तिसऱ्यावर तर १९ वर्षें घालविलीं. आणि अखेर त्यास उमगलें कीं, उत्तर या अवजड यंत्रांत नाहीं. तें खिशांतल्या घड्याळाच्या जातींत आहे. उतारवयांत आपलेंच एवढें काम बाजूस सारण्याचें धैर्य थोड्यांनाच होतें.

१७५९ सालीं पुरें झालेलें त्याचें चौथें घड्याळ अवघें सव्वापांच इंच व्यासाचें होतें. त्याचें बॅलन्स व्हील मोठें असून सेकंदास ५ ठोके देई. या जोरकस झुल्यापुढें लाटांचे धक्के किरकोळ ठरत. उष्णतेवर त्यानें पितळ व पोलाद यांची जोडपट्टी योजिली. पितळ अधिक प्रसरण पावतें, म्हणून तापतांच पट्टी वांकते. तिच्या वांकण्यानें बारीक कमानीची झुलती लांबी कमी होते, आणि जोर घटल्याची भरपाई होते.

१७६१ च्या अखेरीस हॅरिसनचा मुलगा विल्यम हें घड्याळ घेऊन जमैकास निघाला. त्याची नेहमींची चाल हिशेबांत धरतां तेथवर अवघी ५ सेकंदांची चूक भरली. रेखांश मंडळास हा योगायोग वाटला. १७६४ च्या बार्बाडोसच्या सफरींतही चूक ४० सेकंदांच्या आंतच राहिली. बक्षिसास २ मिनिटांची मुभा होती. तरी १७६५ च्या नव्या कायद्यानें अट पडली: घड्याळाची रचना उघड केल्यास निम्मी रक्कम मिळेल, उरलेली निम्मी तसेंच घड्याळ इतरांस करतां येतें हें सिद्ध झाल्यावर. वृद्ध कारागिरास आपलें घड्याळ परीक्षकांसमोर उकलून दाखवावें लागलें.

आधींच्या कायद्यांत नसलेली ही अट मागून घालणें अन्यायाचें होतें, यांत संशय नाहीं. मंडळाचा प्रश्न मात्र पोकळ नव्हता. एकाच माणसाच्या हातचें नवल शेंकडों जहाजांच्या काय कामाचें? त्यास उत्तर दिलें लार्कम केंडॉल या घड्याळजीनें. त्यानें केलेली हुबेहूब प्रतिकृति कॅप्टन कुकनें १७७२ ते १७७५ च्या सफरींत नेली, आणि तिची मुक्तकंठानें वाखाणणी केली. दरम्यान राजा तिसरा जॉर्ज यानें हॅरिसनचें पांचवें घड्याळ स्वत: पारखून त्याची बाजू घेतली, आणि १७७३ मध्यें पार्लमेंटनें त्यास ८,७५० पौंड दिले. मंडळाचें पुरें बक्षीस त्यास कधींच मिळालें नाहीं. तीन वर्षांनीं तो वारला.

पुढें अर्नोल्ड व अर्नशॉ यांनीं सोप्या रचनेचीं सागरी घड्याळें बनविलीं, तेव्हां तीं सामान्य जहाजांच्याही आटोक्यांत आलीं. अशीं घड्याळें बंदरोबंदरीं खऱ्या वेळेशीं ताडून पाहावीं लागत. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं निघाली, ती ज्योतिर्वेधाबरोबर वेळ राखण्यासाठींच. हॅरिसनचें चौथें घड्याळ आज ग्रीनिचला जपून ठेवलें आहे. त्या एका घड्याळानें रेखांशाचें कोडें सोडविलें. परंतु खलाशांचे प्राण वांचविले तें त्याची विद्या दुसऱ्यांच्या हातीं गेली तेव्हां.