निर्लेखित पोलीस वाहन

निर्लेखित पोलीस वाहन म्हणजे पोलीस दलाने वापरून सेवेतून काढलेले आणि विक्रीस ठेवलेले जीप, मोटार, व्हॅन किंवा मोटारसायकल यांसारखे वाहन. अशी वाहने जाहीर लिलावाने अथवा निविदा मागवून विकली जातात. महाराष्ट्रात भंगार व्यापारी, जुन्या गाड्यांचे दलाल, गॅरेजवाले आणि हौशी संग्राहक हे त्यांचे नेहमीचे ग्राहक होत. सर्वसामान्य कुटुंबेही स्वस्त गाडी मिळेल या अपेक्षेने या लिलावांकडे वळतात. मात्र १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमामुळे या खरेदीचे स्वरूप मुळातूनच बदलले आहे. तो नियम ठाऊक नसणाऱ्या ग्राहकाचे पैसे बुडण्याचा संभव राहतो.

संज्ञा

'निर्लेखन' हा शासकीय व्यवहारातील शब्द आहे. जडवस्तू नोंदवहीत लिहिलेली वस्तू त्या लेखातून काढून टाकणे, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे निर्लेखन गाडीचे होते त्याहून अधिक तिच्या नोंदीचे होते. गाडी त्यानंतरही मुख्यालयाच्या आवारात उभी असू शकते आणि बऱ्याचदा दीर्घकाळ उभी असते. पोलीस ठाण्यात मात्र हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तेथे गाडी 'कंडम' होते. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की मोडके घर आणि जुनी विहीरही कंडम ठरते.

जप्त वाहनांपासून भेद

'पोलिसांच्या लिलावातील गाडी' या शब्दप्रयोगाने दोन अगदी भिन्न प्रकारच्या गाड्या सूचित होतात. पहिली गाडी पोलिसांनी स्वतः वापरलेली असते. दुसरी गुन्ह्यात जप्त केलेली, चोरीतून हस्तगत झालेली किंवा बेवारस सापडलेली असते. पहिलीचा मालक शासन असते आणि तिची कागदपत्रे बहुधा एका ठिकाणी मिळतात. दुसरीवर मूळ मालक, कर्ज देणारी बँक, विमा कंपनी आणि न्यायालय या सर्वांचे हक्क गुंतलेले असू शकतात.

न्यायालयासमोर न आणलेल्या जप्त मालमत्तेबाबत दंडाधिकाऱ्याने उद्घोषणा काढून हक्कदाराला सहा महिन्यांची मुदत द्यावयाची असते. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ व ४५८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ व ५०४ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य (२००२) या प्रकरणात जप्त वाहने पोलीस ठाण्यांच्या आवारात वर्षानुवर्षे कुजत ठेवण्यात काही अर्थ नाही, असे स्पष्ट केले होते. तरीही ठाण्याच्या कुंपणालगत वेलींनी वेढलेल्या गाड्यांची रांग हे दृश्य महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. पालघर जिल्ह्याला दमण आणि दादरा व नगर हवेली हे केंद्रशासित प्रदेशाचे भाग जवळ आहेत. त्यामुळे अवैध मद्यवाहतुकीत पकडलेल्या वाहनांचीही येथे भर पडते. ती दारूबंदी कायद्याखाली सरकारजमा होऊन विकली गेली, तरी तिला निर्लेखित पोलीस वाहन म्हणता येत नाही. प्रस्तुत लेख पहिल्या प्रकाराविषयी आहे.

पंधरा वर्षांची मर्यादा

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने १६ जानेवारी २०२३ रोजी अधिसूचना काढली. तिच्यानुसार केंद्र सरकार, राज्य सरकारे, महानगरपालिका, पंचायती, राज्य परिवहन उपक्रम व सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे पूर्ण होताच संपुष्टात येते व तिचे नूतनीकरण होत नाही. नूतनीकरण आधीच झालेले असले तरी तेही रद्द समजले जाते. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरावयाच्या चिलखती व अन्य विशेष वाहनांना यातून सूट आहे. ठाण्याच्या साध्या जीपला ती लागू पडत नाही.

अशा वाहनांची विल्हेवाट २०२१ च्या नियमांखाली स्थापन झालेल्या नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रामार्फत लावावयाची असते. म्हणून पंधरा वर्षे पुरी झालेल्या पोलीस गाड्यांच्या लिलावात बहुधा अशी केंद्रेच बोली लावू शकतात. व्यक्तीला तेथे प्रवेश नसतो. मध्यस्थाने तशी गाडी एखाद्याच्या दारात आणून उभी केलीच, तर ती गाडी या नात्याने निरुपयोगी असते. तिचे इंजिन सुरू होईल, रंगही चकाकेल, पण ती कोणाच्याही नावावर होणार नाही. रस्त्यावर चालविण्याच्या हेतूने घ्यावयाचे वाहन पंधरा वर्षांच्या आत विकले गेलेलेच असले पाहिजे. ग्राहकाने किमतीच्या आधी पहिल्या नोंदणीची तारीख विचारावी. ही तारीख नोंदणी प्रमाणपत्रावर असते आणि केंद्राच्या 'वाहन' या संगणकीय नोंदींतूनही पडताळता येते. बनावटीचे वर्ष आणि नोंदणीचे वर्ष यांत फरक असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

विक्रीची पद्धत

पूर्वी हे लिलाव पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर होत. वर्तमानपत्रात जाहिरात येई. इच्छुकांनी अनामत रक्कम भरून गाड्या पाहावयाच्या आणि ठरल्या दिवशी तोंडी बोली लावावयाची, असा क्रम असे. शासनाने ठरविलेल्या किमान किमतीस 'हातची किंमत' म्हणत. बोली तिच्यापर्यंत न पोहोचल्यास फेरलिलाव होई. भंगार व्यापाऱ्यांनी आपसांत संगनमत करून बोली वाढू न देणे, ही या पद्धतीची जुनी व्याधी होती.

आता बहुतेक विक्री ई-लिलावाने होते. त्यासाठी १९६४ साली स्थापन झालेल्या एमएसटीसी या केंद्र सरकारी कंपनीचे आणि शासकीय ई-बाजारपेठेचे संकेतस्थळ वापरले जाते. ग्राहकाला प्रथम नोंदणी करून अनामत भरावी लागते. विक्री 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर असते. हे चार शब्द व्यवहाराचा गाभा आहेत. गाडीत काहीही दोष निघाला, एखादा भाग गहाळ असला, तरी विक्रेत्याकडे तक्रार चालत नाही. सर्वोच्च बोलीही पुष्कळदा सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेच्या अधीन असते. मान्यतेनंतर ठरलेल्या मुदतीत उरलेली रक्कम भरून वाहन उचलावे लागते. विलंब झाल्यास जागेचे भाडे आकारले जाते किंवा अनामत जप्त होते. बोलीच्या रकमेवरील कर, गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि दुरुस्ती धरल्यावर एकूण आकडा कितीतरी मोठा होतो. या खरेदीच्या संदर्भात 'स्वस्त' हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

वाहनांचे प्रकार आणि त्यांची झीज

महाराष्ट्र पोलिसांनी वेगवेगळ्या काळात महिंद्र जीप, मारुती जिप्सी, टाटा सुमो, टोयोटा क्वालिस व इनोव्हा आणि महिंद्र बोलेरो ही वाहने मोठ्या प्रमाणावर वापरली. यांपैकी क्वालिसचे उत्पादन २००५ मध्ये आणि जिप्सीचे त्यानंतर थांबले. हौशी लोकांची ओढ प्रामुख्याने जिप्सी आणि जुन्या जीपकडे असते. लष्कराने विकलेल्या, जबलपूर येथे बनलेल्या जोंगा गाड्यांबाबतही असेच आकर्षण दिसते.

पोलीस गाडीची झीज खाजगी गाडीहून वेगळी असते आणि किलोमीटरच्या आकड्यावरून ती कळत नाही. नाकाबंदीत, बंदोबस्तात, गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत गाडी तासन्‌तास एका जागी इंजिन चालू ठेवून उभी राहते. आकडा पुढे सरकत नाही, इंजिन मात्र चालतच असते. मंद गतीवर चालणारे डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही आणि आत काजळी साचते. तेलही लवकर खराब होते. शिवाय पाळीगणिक चालक बदलतो. अनेक हातांखाली गेलेल्या गाडीचा क्लच व गिअर आधी जातात. दारांच्या बिजागऱ्या, मागील बाके आणि पाट्यांच्या स्प्रिंगा यांवर सतत ताण आलेला असतो, कारण चढउतार वारंवार आणि घाईची असते.

बिनतारी यंत्रणा, भोंगा व दिवा यांसाठी घातलेल्या जादा तारा हा स्वतंत्र विषय आहे. सेवेतून काढताना उपकरणे उतरवून घेतली जातात, तारा मात्र तशाच कापून सोडलेल्या आढळतात. त्यांतून विद्युतदोष उद्भवतात आणि बॅटरी रात्रीत उतरते. टपावर दिव्यासाठी व एरियलसाठी पाडलेली छिद्रे नीट बुजवली नसतील तर पावसाचे पाणी आत मुरते आणि पायाखालचा पत्रा खालून नव्हे, वरून कुजतो. म्हणून गाडी पाहताना पायपुसणी उचलून पाहणे हे इंजिन सुरू करून पाहण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

निर्लेखनाची प्रतीक्षा हाही झिजेचाच काळ होय. उभ्या गाडीचे टायर तडकतात, रबरी नळ्या वाळतात, उंदीर तारा कुरतडतात. चालू गाड्या रस्त्यावर ठेवण्यासाठी तिचे सुटे भाग काढून घेतले जातात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या गाडीचे निकामी भाग येऊन बसतात. वाहनाच्या नोंदवहीत (लॉगबुक) दुरुस्त्यांच्या नोंदी असतात. पाहणीच्या वेळी ती पाहावयास मिळाली तर उत्तमच.

वसई-विरार परिसर

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, अरबी समुद्राच्या काठी वसलेले भुईगाव या विषयातील दोन अडचणींचे चांगले उदाहरण आहे. पहिली अडचण हवेची. रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी या सलग किनारपट्टीवर खारा वारा वर्षभर वाहतो आणि चौकटीच्या सांध्यांत, ब्रेकच्या नळ्यांवर, दारांच्या खालच्या कडांवर गंज धरतो. किनाऱ्यालगतच्या ठाण्यांत फिरलेली गाडी आणि घाटावरच्या जिल्ह्यात फिरलेली त्याच वर्षाची गाडी यांच्या पत्र्यात उघड फरक दिसतो. वरून मारलेला नवा रंग हा फरक काही महिनेच लपवतो.

दुसरी अडचण कागदांची. हा भाग पूर्वी ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर तो पालघर पोलिसांकडे गेला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत आला. नोंदणीचा संकेतही ठाण्याच्या एमएच-०४ वरून एमएच-४८ झाला. त्यामुळे वसईत फिरलेल्या एखाद्या गाडीच्या प्रमाणपत्रावर ज्या कार्यालयाचे नाव आहे, ते आणि तिची विक्री करणारे कार्यालय वेगळे असू शकते. विक्रीच्या आदेशातील मालकाचे नाव, नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक व सांगाड्याचा (चॅसी) क्रमांक परस्परांशी जुळतात की नाही, हे पैसे भरण्याआधी पाहावे. नंतर दुरुस्ती करून घेण्यास एका कार्यालयातून दुसऱ्यात खेटे घालावे लागतात.

या पट्ट्यातील शेतकरी फुले व भाजीपाला दादरच्या बाजारात पाठवतात आणि मालवाहतुकीसाठी दणकट जुनी गाडी शोधतात. खाजगी वर्गात नोंदलेले वाहन भाड्याच्या वाहतुकीसाठी वापरता येत नाही. त्यासाठी नोंदणीचा वर्ग बदलून परवाना घ्यावा लागतो.

मालकी हस्तांतरण आणि विमा

सरकारी जाहीर लिलावात घेतलेल्या वाहनाच्या हस्तांतरणासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५७ लागू होतो. ग्राहकाने ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ मध्ये अर्ज करावयाचा असतो. सोबत नोंदणी व विम्याची प्रमाणपत्रे, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचे विक्रीची पुष्टी करणारे पत्र आणि लिलावास परवानगी देणाऱ्या शासन आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. साध्या खरेदीतील नमुना २९ व ३० येथे चालत नाहीत. दलाल अनेकदा तेच भरून देतात आणि अर्ज परत येतो. गाडी गुजरात किंवा दमण येथे न्यावयाची असल्यास मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते.

विम्याची गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ ने त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा केला आहे. मात्र व्यापारी उपक्रमाशी संबंध नसलेल्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या सरकारी वाहनांना त्याच कलमात सूट आहे. परिणामी पोलीस गाडीला चालू विमा नसण्याचा संभव असतो. ही सूट मालकाबरोबर संपते. लिलावाच्या मैदानातून गाडी चालवत घरी आणणारा नवा मालक वाटेतच विनाविमा ठरतो आणि अपघात झाल्यास भरपाईचा बोजा त्याच्या संसारावर पडतो. विमा उतरवून किंवा गाडी ओढून आणणे, हे दोनच सुरक्षित मार्ग आहेत.

नाव लावून न घेता गाडी तिसऱ्याला विकण्याची प्रथाही धोक्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या निकालात, हस्तांतरणाची नोंद झाली नसेल तोवर नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक व भरपाईस जबाबदार, असे ठरविले आहे.

पोलिसी खुणा

विक्रीपूर्वी 'पोलीस' ही अक्षरे, बोधचिन्ह, दिवा व भोंगा काढून टाकणे अपेक्षित असते. राहिल्यास ते काम ग्राहकाचे. अनेक सुरांचा भोंगा केंद्रीय नियम ११९ नुसार रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा ठरावीक सेवांनाच वापरता येतो. लाल, निळ्या व पांढऱ्या दिव्यांचे बंधन नियम १०८ मध्ये आहे. लोकसेवक असल्याची बतावणी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. फसविण्याच्या हेतूने लोकसेवकाची खूण बाळगणे कलम २०५ खाली येते. जुन्या रंगपट्ट्यांमुळे टोलनाक्यावर मिळणारा सलाम काहींना गमतीचा वाटतो, पण अशी गाडी गुन्हेगाराच्या हाती पडली तर तिला पाहून दार उघडणाऱ्याची फसगत होते. रंग बदलल्यास त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते.

अन्य देशांत

अमेरिकेत पोलीस गाड्यांची दुय्यम बाजारपेठ फार मोठी आहे. फोर्ड कंपनीची 'क्राउन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टर' ही गाडी २०११ पर्यंत बनत होती आणि सेवेनंतर टॅक्सी म्हणून ती मोठ्या संख्येने वापरली गेली. तिच्या काही नमुन्यांत इंजिन एकूण किती तास चालले हे दाखविणारा मोजक होता. त्यामुळे ग्राहकाला उभ्या गाडीची झीज आजमावता येई. 'द ब्लूज ब्रदर्स' (१९८०) या चित्रपटातील प्रसिद्ध गाडी ही १९७४ ची डॉज मोनॅको असून, इलिनॉय राज्यातील माउंट प्रॉस्पेक्टच्या पोलीस लिलावात ती विकत घेतल्याचे कथेत दाखविले आहे.